झडप स्प्रिंग

झडप स्प्रिंग किंवा व्हॉल्व्ह स्प्रिंग हा अंतर्ज्वलन इंजिनाचा एक भाग आहे. कॅमने उघडलेली झडप बंद करणे व ती बैठकीवर घट्ट दाबून ठेवणे हे तिचे कार्य होय.

रचना

स्प्रिंगचे खालचे टोक सिलिंडर हेडवर टेकते. वरचे टोक रिटेनर नावाच्या चकतीला भिडते. ही चकती दोन अर्धवर्तुळाकार कॉटरांनी झडपेच्या दांड्याशी जखडलेली असते. कॉटर निसटल्यास झडप सिलिंडरमध्ये पडून दट्ट्या फुटू शकतो. काही इंजिनांत एकात एक अशा दोन स्प्रिंगा असतात. वेढे परस्परांत अडकू नयेत म्हणून त्यांचे पीळ विरुद्ध दिशांना असतात.

वेग आणि ताण

फोर-स्ट्रोक इंजिनात दोन फेऱ्यांमागे प्रत्येक झडप एकदा उघडते. नशिराबाद परिसरासह खानदेशात विहिरींचे पाणी उपसण्यासाठी डिझेल इंजिने वापरली गेली. अशा इंजिनाची गती मिनिटाला १५०० फेरे असल्यास झडप ७५० वेळा उघडते. ९००० फेरे घेणाऱ्या मोटारसायकलीत ४५०० वेळा. गतीच्या मानाने स्प्रिंग कमजोर असल्यास झडप कॅमच्या मागोमाग परतत नाही. या दोषास ‘झडप तरंगणे’ म्हणतात.

सुधारणा

अधिक ताठ स्प्रिंग हा सरसकट उपाय नव्हे. तिच्यामुळे कॅम व टॅपेट लवकर झिजतात. झडप पूर्ण उघडताना वेढे एकमेकांना भिडल्यास पुशरॉड वाकतो. वजनाने हलका रिटेनर वापरल्यास ताण न वाढवताही तरंगणे कमी होते. संथ गतीच्या पंप-इंजिनास मूळ मापाची स्प्रिंगच योग्य ठरते. दुरुस्तीच्या वेळी तिची मोकळी लांबी, सरळपणा व दाब तपासतात. लांबी घटलेली स्प्रिंग बदलतात.