सव्वीस आठवडे कुणाचे?

मार्च १९३० मध्ये काळाराम मंदिराच्या सत्याग्रहाने नाशिक ढवळून निघाले. त्या सत्याग्रहाचे नेते डॉ. बाबासाहेब आंबेडकर त्याआधी, २८ जुलै १९२८ रोजी, मुंबईच्या विधिमंडळात कामकरी बायांच्या बाळंतपणासाठी उभे राहिले होते. बाळंतिणीला विश्रांती मिळण्यात देशाचेच हित आहे, म्हणून खर्चाचा मोठा वाटा सरकारने उचलावा, असे त्यांचे म्हणणे होते. १९२९ साली मुंबई प्रांताचा प्रसूती-लाभाचा कायदा झाला. भार पडला तो मालकावर.

तेव्हापासून वाद चालला तो बाळंतपणाच्या रजेच्या आठवड्यांचा. वॉशिंग्टनच्या आंतरराष्ट्रीय कामगार परिषदेने १९१९ सालीच बारा आठवडे सांगितले होते. भारतीय कामगारांचे प्रतिनिधी ना. म. जोशी तिथे हजर होते. तेवढे आठवडे देणारा देशाचा स्वतंत्र प्रसूती-लाभ कायदा यायला १९६१ उजाडले. १ एप्रिल २०१७ पासून पहिल्या दोन मुलांसाठी ते सव्वीस झाले.

आनंद खराच होता. पण नाशिकच्याच सातपूर-अंबडच्या कारखान्यांत हिशेब दोन तऱ्हेचा. पगार एकवीस हजारांच्या आत असलेल्या बाईचे रजेचे पैसे राज्य कामगार विमा निधी देतो. त्याहून जास्त पगाराच्या इंजिनिअर मुलीचे पूर्ण पैसे कंपनीच्या तिजोरीतून जातात. मग मुलाखतीत 'लग्न कधी?' हा प्रश्न येतो. आंबेडकरांचा मुद्दा तेव्हाच ऐकला असता, तर हा प्रश्न विचारायला जागाच उरली नसती.

सिन्नरच्या विड्यांची गोष्ट तर आणखी बोचते. १९६६ च्या विडी कामगार कायद्याने घरी बसून विड्या वळणाऱ्या बाईलाही प्रसूतीचा लाभ दिला, पण तिच्यापुरते दोन हक्क वगळूनच: वैद्यकीय बोनस आणि गरोदरपणातल्या आजारपणाची जादा रजा. काम तेच, पोटातले बाळ तसेच. मग ही कात्री कशासाठी होती?

आणि द्राक्षबागा? पेठ-सुरगाण्याच्या बाया छाटणीपासून तोडणीपर्यंत दिंडोरी-निफाडला रोजाने राबतात. ज्या दिवशी काम नाही, त्या दिवशी मजुरी नाही. त्यांच्या वाट्याला सव्वीस आठवड्यांतला एकही येत नाही. मातृवंदना योजनेतून पहिल्या बाळाला पाच हजार रुपये मिळतात. सव्वीस आठवड्यांचे १८२ दिवस धरले, तर दिवसाला २७ रुपये ४७ पैसे.