टेस्ला कॉइलवरील संगीताची ध्वनी-गुणवत्ता : मर्यादा व सुधारणेचे उपाय

प्रस्तावना

निकोला टेस्ला यांनी १८९१ मध्ये विकसित केलेली टेस्ला कॉइल भौतिकशास्त्राच्या अध्यापकांना सुपरिचित आहे. विजेच्या ठिणगीतून सूर काढण्याची कल्पनाही जुनीच आहे. १८९९ च्या सुमारास लंडनमध्ये विल्यम डडेल यांनी कार्बनच्या विद्युत चापातून स्वर निर्माण केले होते. टेस्ला कॉइल वाद्य म्हणून लोकांपुढे आली ती मात्र अलीकडे. २००७ मध्ये अमेरिकेतील इलिनॉय राज्यात स्टीव्ह वॉर्ड यांच्या कॉइलवर संगीत सादर झाले, तर २०११ मध्ये आइसलँडच्या गायिका ब्यॉर्क यांनी ‘बायोफिलिया’ या अल्बममध्ये तिचा वापर केला. विज्ञान प्रदर्शनांत विद्यार्थी अशा कॉइल मांडतात, तेव्हा ठिणगी भव्य असूनही सूर पुष्कळदा कर्कश व बेसूर लागतो. हा दोष प्रामुख्याने कॉइलचा नसून तिच्या नियंत्रणाचा असतो, हे प्रस्तुत लेखात स्पष्ट केले आहे.

ध्वनिनिर्मितीचे तत्त्व

टेस्ला कॉइलची स्वतःची वारंवारता साधारणपणे ५० ते ३०० किलोहर्ट्झ, म्हणजे मानवी श्रवणमर्यादेच्या पलीकडे असते. त्यामुळे कॉइल अखंड चालवल्यास सूर ऐकू येत नाही. सुरासाठी ती ठराविक अंतराने क्षणभर चालू करून बंद करावी लागते. हे काम करणाऱ्या मंडलास इंटरप्टर म्हणतात. प्रत्येक स्पंदात ठिणगीभोवतीची हवा तापून प्रसरण पावते व दाबाची लहर उत्पन्न होते. सेकंदाला ४४० स्पंद दिल्यास ४४० हर्ट्झचा स्वर ऐकू येतो. अशा दोन स्पंदांमधील काळ सुमारे २२७३ मायक्रोसेकंद असतो. प्रत्यक्ष स्पंद मात्र १०० मायक्रोसेकंदांचाच असू शकतो. थोडक्यात, स्पंदांची वारंवारता स्वराची उंची ठरवते आणि स्पंदाची लांबी त्याची तीव्रता.

गुणवत्तेच्या मर्यादा

पहिली मर्यादा नादाच्या पोताची आहे. अरुंद स्पंदांच्या मालिकेत मूळ स्वराबरोबर असंख्य उपस्वर जवळजवळ सारख्याच जोराने असतात. शिवाय ठिणगीपासून निघणारा ध्वनिदाब उष्णतेच्या पुरवठ्यावर नव्हे, तर त्या पुरवठ्याच्या बदलाच्या वेगावर अवलंबून असतो. परिणामी उंच उपस्वर अधिक उठून दिसतात, खर्ज दुबळा राहतो आणि नाद चिरका होतो. तंबोऱ्याच्या जवारीतही उपस्वर विपुल असतात. परंतु तेथे ते काळानुसार फुलतात व विरतात. कॉइलच्या नादात असा बदल आपोआप घडत नाही.

दुसरी मर्यादा वीजपुरवठ्याची आहे. भारतात ५० हर्ट्झचा पुरवठा पूर्ण-तरंग रेक्टिफायरमधून गेल्यावर १०० हर्ट्झची लहर शिल्लक राहते. ती प्रत्येक स्वरात घरघर मिसळते. तिसरी मर्यादा ठिणगीच्या अस्थिरतेची आहे. ठिणगी जागा बदलत राहिली किंवा जवळच्या भूसंपर्कित वस्तूवर आदळली, की सुरात अनियमित कडकडाट येतो.

सुधारणेचे उपाय

१) स्पंदलांबीचे नियमन : स्पंदाची लांबी स्थिर ठेवली, तर ८८० हर्ट्झच्या स्वराला ४४० हर्ट्झच्या दुप्पट शक्ती मिळते. म्हणून स्वर चढेल तशी लांबी कमी करावी. ठिणगी निर्माण होण्यास आवश्यक असलेली किमान लांबी व सुरक्षित कमाल लांबी प्रयोगाने ठरवून स्वराचे लहानमोठेपण त्या मर्यादेतच बसवावे.

२) स्वराला आरंभ व अंत देणे : स्वर सुरू होताना लांबी क्रमाने वाढवून शेवटी क्रमाने घटवल्यास स्वर तुटक न वाटता विरत जातो.

३) एकाच वेळी अनेक स्वर : दोन स्वरांचे स्पंद एकमेकांवर आल्यास इलेक्ट्रॉनिक स्विचवर अतिरिक्त भार पडतो. त्यामुळे स्पंदांमध्ये किमान विश्रांती राखावी लागते. मात्र वगळलेला किंवा सरकलेला प्रत्येक स्पंद सुरात खरखर आणतो. म्हणून एका कॉइलवर दोन-तीन स्वरांहून अधिक गर्दी टाळावी.

४) पुरवठा व ठिणगी : मोठ्या क्षमतेच्या कपॅसिटरने १०० हर्ट्झची लहर दाबता येते. कॉइलच्या माथ्यावर अणकुचीदार टोक बसवल्यास ठिणगी एकाच जागेवरून निघते.

लहान कॉइल अखंड चालवून तिची शक्ती थेट ध्वनिसंकेतानुसार कमीअधिक करण्याचाही मार्ग आहे. त्यात वाद्याचा मूळ पोत बराच टिकतो, पण ठिणगी आखूड राहते.

भारतीय संगीताच्या दृष्टीने

कॉइलला बहुधा मिडी पद्धतीने संकेत दिले जातात व त्यातील बारा स्वर समान अंतरांचे असतात. त्यातील गंधार षड्जापासून ४०० सेंट अंतरावर असतो, तर ५:४ या गुणोत्तराचा शुद्ध गंधार सुमारे ३८६ सेंटवर. श्रुतींच्या मापनाची महाराष्ट्रात परंपरा आहे. कृष्णाजी बल्लाळ देवल यांनी १९१० मध्ये बावीस श्रुतींवरील आपले पुस्तक प्रसिद्ध केले होते. ८१:८० हे श्रुत्यंतर सुमारे २१.५ सेंटचे आहे. इंटरप्टरचा कालमापक ५० मायक्रोसेकंदांच्या टप्प्यांनी चालत असेल, तर १००० हर्ट्झला जवळजवळ ४३ सेंटपर्यंत, म्हणजे अशा दोन श्रुत्यंतरांइतकी चूक संभवते. टप्पा एक मायक्रोसेकंदाचा केल्यास हीच चूक एका सेंटच्या आत येते. मिडीतील स्वर सरकवण्याच्या सोयीने शुद्ध गंधार साधता येतो व मींडही घेता येते. पेटीला जे जमत नाही, ते या यंत्राला तत्त्वतः शक्य आहे.

सुरक्षितता

पुरवठ्यातील कपॅसिटर वीज बंद केल्यावरही प्राणघातक भार धरून ठेवतात. ठिणगीने भाजते, तसेच ओझोन व नायट्रोजनची ऑक्साइडे निर्माण होतात. पेसमेकर असलेल्या व्यक्तींना दूर ठेवावे. इंटरप्टर व कॉइल यांची जोडणी ऑप्टिकल फायबरनेच करावी. प्रयोगाच्या वेळी जाणकार अध्यापकाची उपस्थिती अनिवार्य मानावी.

निष्कर्ष

ध्वनी-गुणवत्तेचे बहुतांश काम इंटरप्टरमध्ये होते आणि इंटरप्टर अल्प विद्युतदाबावर चालतो. त्याचा संकेत छोट्या स्पीकरवर ऐकून स्वरस्थाने, आरंभ-अंत व मींड यांची तपासणी उच्च दाबाशिवाय करता येते. देवळाली प्रवरा परिसरासारख्या ग्रामीण भागातील महाविद्यालयांतही एक मायक्रोकंट्रोलर, एक स्पीकर व सुराची जाण असलेला कान एवढ्यावर हा अभ्यास सुरू होऊ शकतो. भौतिकशास्त्र, इलेक्ट्रॉनिक्स व संगीत या विषयांच्या अध्यापकांनी तो एकत्र हाती घेतल्यास ठिणगीचे प्रदर्शन खऱ्या अर्थाने स्वरांचा अभ्यास ठरेल. विद्यार्थ्यांना कॉइलजवळ नेण्याची वेळ त्यानंतरच यावी.