पाठीचं दुखणं आणि चाकांवरचं घर
(नभोवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)

माझी ताई आणि मेहुणे बरीच वर्षं इंग्लंडात राहतात. निवृत्तीनंतर त्यांनी कॅरव्हान घेतली. कॅरव्हान म्हणजे मोटारीमागे जोडून न्यायचं, चाकांवरचं छोटं घर. त्यात पलंग, शेगडी, मोरी, सगळं असतं. या हौसेला तिथं मोठी परंपरा आहे. नौदलातले डॉक्टर आणि लेखक गॉर्डन स्टेबल्स यांनी 1885 मध्ये 'द वाँडरर' नावाची अशी गाडी खास भटकंतीसाठी बांधून घेतली होती. ती ओढायला घोडे होते.

आता घोड्यांची जागा मोटारीनं घेतली आहे. पण मुक्कामी पोचल्यावर मोटार सोडवायची आणि शेवटचे दहा-पंधरा फूट कॅरव्हान हातानं ढकलून जागेवर लावायची, हे काम माणसाकडेच राहिलं. अशाच एका ओल्या संध्याकाळी मेहुण्यांच्या कमरेत कळ आली. मणक्यांमधली गादी सरकल्याचं निदान झालं. 'कॅरव्हान विकून टाकू या,' असं ताई म्हणू लागली. मेहुणे मात्र हिरमुसले.

ढकलण्यात एवढं काय आहे, असं आपल्याला वाटेल. जरा हिशेब करू. सामानासह कॅरव्हान 1300 किलोची धरा. वीस फुटांना एक फूट एवढाच चढ असला, तरी ती नुसती थोपवून धरायला 65 किलोचा जोर लागतो. गवत आणि चिखल यांचा अडथळा वेगळाच. त्यातून आपण वाकलेले, एका अंगाला वळलेले असतो. कमरेच्या मणक्यांना वाकणं, वळणं आणि जोर लावणं या तिन्ही गोष्टी एकदम आल्या की फार जड जातं. शिवाय तीन-चार तास गाडी चालवून पाठ आधीच आखडलेली असते.

यावर उपाय म्हणजे 'मूव्हर'. कॅरव्हानच्या सांगाड्याला, दोन्ही चाकांजवळ एकेक विजेची मोटर बसवतात. तिचा खरबरीत रूळ टायरवर दाबला जातो आणि टायरला फिरवतो. वीज मिळते ती कॅरव्हानमधल्या 12 व्होल्टच्या बॅटरीतून. हातात रिमोट घेऊन आपण बाजूला उभं राहायचं. दोन चाकं उलटसुलट फिरवली, तर कॅरव्हान जागच्या जागी वळते.

पण पाठ दुखणाऱ्यानं मूव्हर निवडताना पहिला प्रश्न विचारायचा तो ताकदीचा नव्हे. रूळ टायरला कसे भिडवायचे, हा तो प्रश्न. स्वस्त प्रकारात ते हातानं, लांब दांड्यानं भिडवतात. त्यासाठी खाली वाकावं लागतं, कधी ओल्या गवतात गुडघा टेकावा लागतो. काहींत एका बाजूनं दोन्ही रूळ भिडतात, काहींत पलीकडे जाऊन पुन्हा वाकायचं. दुसऱ्या प्रकारात हे काम बटणावर होतं. तो महाग पडतो. पण ज्या वाकण्यापासून सुटका हवी, तेच वाकणं विकत का घ्यायचं? मात्र बॅटरी उतरली तर रूळ हातानं कसे सोडवायचे, हे विक्रेत्याकडून करून दाखवून घ्यावं. शक्यतो स्वतः करून पाहावं.

दुसरी गोष्ट बॅटरीची. शिशाची मोठी बॅटरी साधारण 25 किलोची भरते. ती खोल कप्प्यातून उचलून काढणं म्हणजे पाठीला आमंत्रणच. लिथियमची बॅटरी निम्म्याहूनही हलकी असते. पण ती मूव्हरला आणि चार्जरला चालते का, हे आधी विचारावं. उत्तम म्हणजे बॅटरी जागेवरच चार्ज होईल अशी सोय करावी.

तिसरी गोष्ट वजनाची. मूव्हर स्वतःच तीसेक किलोचा असतो. तेवढं सामान कमी न्यावं लागतं, कारण कॅरव्हानची कमाल वजनमर्यादा ओलांडता येत नाही. मूव्हर किती वजन किती चढावर नेतो, हे माहितीपत्रकात दिलेलं असतं. ते आपल्या अंगणाच्या चढाशी ताडून पाहावं. आणि तो बसवण्याचं काम जाणकारालाच द्यावं. गाडीखाली झोपून ते काम आपण करणं शहाणपणाचं नाही.

वापरताना क्रम चुकवू नये. आधी रूळ भिडवायचे, मग हँडब्रेक सोडायचा. काम झाल्यावर आधी हँडब्रेक लावायचा, मगच रूळ सोडायचे. उतारावर हा क्रम चुकला, तर गाडी घरंगळते आणि माणूस तिला अडवायला धावतो.

मूव्हर आला म्हणजे सगळी कामं संपली असं नाही. कोपऱ्यातले चार पाय खाली करायला मेहुणे आता बॅटरीवरचं ड्रिल वापरतात. पाणी आणायला जमिनीवरून लोटायचा 40 लिटरचा पिंप आहे. तो ते अर्धाच भरतात. मुक्कामी पोचल्यावर आधी दहा मिनिटं चालतात, मग कामाला लागतात. कुठलंही यंत्र डॉक्टरांच्या सल्ल्याची जागा घेत नाही, हेही सांगायला हवं. पायाला बधिरपणा आला, पायातली शक्ती गेली किंवा लघवीवरचा ताबा सुटला, तर एक दिवसही न थांबता रुग्णालय गाठावं.

विक्रेत्याच्या आवारात मेहुण्यांनी तीन मूव्हर चालवून पाहिले. बटणावरचा पसंत केला. रिमोट मात्र ताईच्या हातात असतो. 'तुम्ही नुसतं मागून दिशा सांगा,' असं तिनं बजावलं आहे.