टायरची टशन, घाटात टेन्शन

पिकअपला जाडजूड टायर घातले की गाडी एकदम ‘दिसते’. पण ते टायर कंपनीच्याच रिमवर चढवायचे असतील तर? ठाणे ते दिवेआगर, एका वीकेण्डमध्ये झालेलं ज्ञान!

आमच्या ऑफिसच्या पार्किंगमध्ये दोनच प्रकारच्या गाड्या असतात. ईएमआयवाल्या पांढऱ्या हॅचबॅक आणि ईएमआयवाल्या काळ्या एसयूव्ही. त्यांच्या मधोमध माझी पिकअप उभी राहते, तेव्हा सिक्युरिटीवाले काका आजही विचारतात, ‘‘मॅडम, डिलिव्हरी कुठली आहे?’’

ही गाडी हौसेसाठी घेतलेली नाही, असं मी आईला सांगते. आणि ते निम्मं तरी खरं आहे. दिवेआगरला आमची नारळी-पोफळीची वाडी. ३ जून २०२० ला निसर्ग चक्रीवादळ आलं आणि एका दुपारीत पोफळी काडेपेटीतल्या काड्यांसारख्या मोडल्या. पोफळ धरायला पाच-सात वर्षं लागतात. म्हणजे बाबांनी साठीनंतर पुन्हा शून्यापासून सुरुवात केली. रोपं, पेंड, ठिबकचे पाइप हे सगळं दर वेळी भाड्याच्या टेम्पोने न्यायचं तर खर्च परवडेना. मग २०२२ मध्ये मी सेकंडहॅण्ड इसुझू व्ही-क्रॉस घेतली, २०१६ च्या पहिल्या लॉटमधली. चार दारं, मागे हौदा, फोर बाय फोर. बाबा खूश, मी त्याहून खूश.

मग मला खाज सुटली. मंडळी, पिकअप घेतलेल्या प्रत्येकाला ती सुटतेच! इंटरनेटवरच्या फोटोंमध्ये तीच गाडी कसली सॉलिड दिसते आणि आपली मात्र हाफ पॅण्टमधल्या पैलवानासारखी. वरती भक्कम, खाली बारीक पाय. नवीन रिमसकट सेट घ्यायचा तर बजेट कोलमडणार. म्हणून मधला मार्ग काढला. रिम कंपनीचेच ठेवायचे, टायर तेवढे मोठे घालायचे.

दुकानदार म्हणाला, ‘‘आरामात बसतात मॅडम.’’ बसले. त्याने स्टिअरिंग एकदा डावीकडे, एकदा उजवीकडे फिरवून दाखवलं, कुठेच लागलं नाही. जाता जाता ४० हवा मारली. पगाराचा मोठा लचका गेला, पण सोमवारी पार्किंगमध्ये माझी कॉलर टाइट होती.

त्याच शनिवारी मागे पाच पोती पेंड, पाइपचे रोल आणि शेजारी धाकटा भाऊ घेऊन निघाले. मुंबई-गोवा हायवेवरच्या खड्ड्यांविषयी मी नव्याने काय सांगू? पनवेल ते इंदापूर चौपदरीकरण २०११ मध्ये सुरू झालं आणि तेव्हापासून कोकणात जाणाऱ्यांची एक पिढी मोठी झाली. नव्या टायरांनी खड्डे मात्र झक्कास पचवले. वडखळ, नागोठणे, कोलाड कधी मागे पडलं कळलं नाही. ‘‘ताई, पैसे वसूल,’’ भाऊ म्हणाला.

माणगाव सोडून म्हसळ्याकडे वळलो. घोणसे घाट लागला. उताराचं एक वळण, समोरून एसटी, म्हणून मी ब्रेक दाबत स्टिअरिंग पूर्ण कापलं आणि नेमका पुढचा डावा टायर खड्ड्यात गेला. खर्रर्र! पुढचं वळण, पुन्हा खर्रर्र. आणि ब्रेकला काय झालंय? लागत होता, पण नेहमीपेक्षा जरा उशिरा, जरा जास्त पाय मागत. मागे वजन, पुढे उतार आणि भावाची बडबड अचानक बंद. मी दुसऱ्या गिअरवर गाडी खाली उतरवली. पायथ्याशी थांबून बघितलं, तर मडगार्डच्या आतलं प्लास्टिक एका बाजूने सुटून टायरवर लोंबत होतं. अजून दोन वळणं असती तर ते टायरने आत ओढून घेतलं असतं. दुकानात तर कुठेच लागलं नव्हतं!

वाडीजवळ पोचलो तोवर अंधार पडला होता. सुरूच्या बनाकडून येणारी आमची गल्ली म्हणजे नुसती भुसभुशीत वाळू. एरवी गाडी आम्ही रस्त्यावरच लावतो, पण आज टायर मोठे होते ना! फोर बाय फोर टाकलं आणि घातली आत. पंधरा पावलांवर गाडी पोटापर्यंत बसली. मी रेस करतेय, चाक खड्डा खणतंय.

शेजारचे काका विजेरी घेऊन आले. गाडीकडे नाही, टायरकडे बघितलं. ‘‘हवा किती आहे गं?’’ चाळीस, मी म्हटलं. त्यांनी काही न बोलता खाली बसून काडीने व्हॉल्व्हची पिन दाबली. चारही चाकांची हवा अठरापर्यंत उतरवली, चाकांपुढची वाळू हाताने बाजूला केली आणि म्हणाले, ‘‘आता रेस न करता हळू सोड.’’ गाडी अलगद बाहेर! हवा कमी केली की टायर चपटा होतो, जमिनीला टेकणारा पट्टा लांब होतो आणि वजन पसरतं. वाळूत काम करते ती ही गोष्ट. जुन्या टायरांची हवा उतरवली असती तरी गाडी निघाली असती, आणि हे ज्ञान फुकटात मिळालं असतं.

(एक कंसातली गोष्ट. हे वाचून कुणी गाडी थेट समुद्रावर घालू नका. गाडी भरतीत अडकते, दंड होतो, हे तर आहेच. पण दिवेआगर आणि हरिहरेश्वरच्या वाळूत ऑलिव्ह रिडले कासवं अंडी घालतात. टायरखाली घरटं दबतं आणि चाकोरीत पडलेलं इवलंसं पिल्लू समुद्रापर्यंत पोचत नाही.)

फंडा नंबरांचा

रविवारी सकाळी उतरवलेल्या हवेवरच गाडी हळूहळू रेटत बोर्ली पंचतनला नेली, हवा भरायला. तिथल्या टायरवाल्या काकांकडे दिवसभर मासळी आणि बर्फ वाहणाऱ्या पिकअप येतात. त्यांनी टायरच्या खांद्यावरचे घासल्याचे चट्टे बघितले, मग रिमच्या आत डोकावले. ‘‘ताई, रिम सातची आहे. टायर आठच्या रिमचा घातलाय.’’

पुढचा अर्धा तास कॉलेजमध्ये असते तर मी नोट्स काढल्या असत्या. माझा मूळ टायर २४५/७० आर १६. यातले २४५ म्हणजे रुंदी मिलिमीटरमध्ये, ७० म्हणजे त्या रुंदीच्या ७० टक्के उंचीची भिंत आणि १६ म्हणजे रिमचा व्यास इंचात. मी घातला होता २६५/७० आर १६. कॅल्क्युलेटर काढलात तर जुन्या टायरचा पूर्ण व्यास येतो साधारण ७४९ मि.मी. आणि नव्याचा ७७७. फरक २८ मि.मी.चा. गाडी त्याच्या निम्मी, म्हणजे फक्त १४ मि.मी. उंच झाली. दीड सेंटिमीटरसाठी एवढा खर्च!

रुंदीची गंमत तर त्याहून भारी. २६५ च्या टायरची छापील रुंदी आठ इंची रिमवर मोजलेली असते. माझ्या रिमवर कोरलं होतं ‘७ जे’, म्हणजे सात इंच. अरुंद रिमवर टायर आवळला जातो. रिम अर्धा इंच कमी झाली की टायर साधारण ५ मि.मी. आकसतो, हा ठोकताळा. म्हणजे ज्या रुबाबासाठी पैसे मोजले, त्यातला सेंटिमीटरभर रिमनेच खाल्ला. वर टायरचा मधला भाग फुगतो आणि मधूनच झिजतो. २६५ ला सातची रिम ही अगदी खालची मर्यादा, चालते म्हणायची. २८५ ला तीही चालत नाही, किमान साडेसात लागते. दुकानात तोही ‘आरामात बसतो’ म्हणाले असते.

मग घाटातच का घासलं? दुकानात गाडी रिकामी, सपाट फरशीवर, उभी. घाटात ब्रेक दाबला की नाक खाली झुकतं, स्प्रिंग दबतं, चाक वर सरकतं, आणि त्याच क्षणी ते पूर्ण वळलेलंही असतं. अशा वेळी कंपनीने ठेवलेली जागा चौदा मिलिमीटरनेही संपते. ‘‘तपासायचं तर माणसं बसवून, माल भरून, एक चाक दगडावर चढवून, मग स्टिअरिंग कापायचं,’’ काका म्हणाले. मी स्पेसर घालून चाक बाहेर काढण्याबद्दल विचारलं. त्यांनी हात जोडले. चाक बाहेर काढलं की बेअरिंगवरचा ताण वाढतो आणि वळताना टायर आणखी मोठा फेरा घेतो, म्हणजे घासायचं ते दुसरीकडे घासतं.

आणि ब्रेक? तो माझा भास नव्हता. चाक पावणेचार टक्के मोठं झालं की पायाचा जोर तोच असताना रस्त्यावर मिळणारी ब्रेकची ताकद जवळपास तेवढीच कमी होते. शिवाय हे टायर वजनाला जड. रिकाम्या गाडीत, शहरात, जाणवतही नाही. भरल्या गाडीत, उतारावर, एसटी समोर असताना जाणवतं. स्पीडोमीटरचंही तेच. तो मुळात थोडा वाढवून दाखवतो, मोठा टायर ती सवलत खातो. काटा ८० वर, तर जुन्या हिशोबापेक्षा तीन किलोमीटर जास्त. दीडशे किलोमीटरच्या प्रवासात मीटर साडेपाच किलोमीटर विसरतो. ॲव्हरेज पडलं म्हणून मी आठवडाभर चिडचिड करत होते, त्यातलं थोडं निव्वळ या विसराळूपणामुळे होतं.

स्टेपनीबद्दल तर मी विचारच केला नव्हता. हौद्याखाली जुनी, लहान स्टेपनी तशीच लटकत होती. पंक्चर झालं असतं तर एका बाजूला मोठं चाक, एका बाजूला लहान. तसं मागच्या ॲक्सलवर लांब चालवलं तर डिफरन्शियल सतत राबतं. आणि अशी गाडी डांबरावर फोर बाय फोरमध्ये टाकली तर गिअरबॉक्सची वाट लागते.

ठाण्याला परतल्यावर कायदाही वाचला. मोटर वाहन कायद्याचं कलम ५२ सांगतं की कंपनीच्या मूळ स्पेसिफिकेशनपेक्षा गाडी वेगळी करता येत नाही. जानेवारी २०१९ मध्ये सुप्रीम कोर्टाने केरळच्या एका प्रकरणात हेच ठामपणे सांगितलं. त्याच वर्षीच्या दुरुस्तीनुसार नियमाबाहेरच्या प्रत्येक बदलाला पाच हजार दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्ही होऊ शकतं. ड्रायव्हरच्या दाराजवळच्या स्टिकरवर किंवा मॅन्युअलमध्ये कुठले साइज दिलेत ते बघा. काही मॉडेल्सना कंपनीच दोन साइज देते, त्यातला मोठा घेतला तर प्रश्नच नाही. त्याबाहेर गेलात आणि ॲक्सिडेंट झाला, तर इन्शुरन्सवाल्यांच्या हातात आयतं कोलीत.

मला खरं तर हवं काय होतं? चिखलात पकड आणि खड्ड्याला न फाटणारी भिंत. दोन्ही गोष्टी साइजमध्ये नाहीत, टायरच्या जातीत आहेत. जुन्याच साइजमध्ये, २४५/७० आर १६ मध्ये, ऑल-टेरेन टायर मिळतात. नक्षी खोल, भिंत जाड. पावसातल्या डांबरावर ते साध्या टायरइतके चटकन थांबत नाहीत आणि हायवेला थोडे गुणगुणतात, हे आधीच सांगून ठेवते. पण घासत नाहीत. मोठे टायर तोटा सोसून विकले, हे पाच घेतले, पाचवा स्टेपनीला. ऑफिसात कुणी फरक ओळखला नाही, याचं थोडं वाईट वाटलं.

दिवेआगरला पुढच्या वेळी हौदा भरून रोपं नेली. घोणसे घाटात रेडिओ बंद करून कान लावून बसले होते. काहीही नाही. गल्लीच्या तोंडाशी थांबून आधी हवा उतरवली, मगच आत गेले. बाबांना मी घाटातलं काही सांगितलेलं नाही आणि टायर बदलल्याचंही त्यांना माहीत नाही. रोपं उतरवताना गाडीभोवती एक चक्कर मारून म्हणाले, ‘‘आज आवाज कमी वाटतोय गं. ऑइल बदललंस काय?’’