चार नँड आणि जिन्यातला दिवा

जिन्यातला दिवा तुमच्या ओळखीचा आहे. एक बटण खाली, एक वर. कोणतेही दाबा, लागलेला दिवा विझतो आणि विझलेला लागतो. हा निर्णय लॉजिक गेटांकडून करून घेता येईल का? येईल, आणि तोही केवळ एका आयसीतून.

नागपुरात बर्डीवर इलेक्ट्रॉनिक्सच्या दुकानात ७४०० हा आयसी मागा. चौदा पायांच्या या काळ्या किड्यात चार नँड गेट असतात. प्रत्येकाला दोन इनपुट. दोन्ही इनपुट १ असतील तरच आउटपुट ०; एरवी १. स्वभाव थोडा उफराटा खरा. पण ट्रान्झिस्टर मुळात उलटवणाराच असतो, म्हणून नँड बनवणे सोपे जाते.

या एकाच गेटातून बाकीची सारी गेट बनतात. दोन्ही इनपुट एकत्र जोडले की नॉट झाले. नँडच्या पुढे असे नॉट लावले की अँड. दोन्ही इनपुट आधी उलटवून मग नँडला दिले की ऑर. एका क्रियेवर सगळे तर्कशास्त्र उभे राहते, हे अमेरिकन तर्कशास्त्रज्ञ हेन्री शेफर यांनी १९१३ साली दाखवले. तेव्हा ट्रान्झिस्टरचा जन्मही झाला नव्हता!

आता जिना. बटणांना अ आणि ब म्हणू. दोन्ही वेगळ्या स्थितीत असतील तर दिवा लागावा, सारखी असतील तर विझावा. सरळ विचार असा : ‘अ आहे, ब नाही’ किंवा ‘ब आहे, अ नाही’. अ आणि ब उलटवायला दोन गेट, दोन शक्यतांना दोन, त्या जोडायला एक. झाले पाच! आयसीत तर चारच. एका गेटासाठी दुसरा आयसी घ्यायचा?

इथे गंमत आहे. अ आणि ब पहिल्या नँडला द्या. त्याचे आउटपुट अ बरोबर दुसऱ्याला आणि ब बरोबर तिसऱ्याला द्या. दुसऱ्या-तिसऱ्याची आउटपुटे चौथ्याला. समजा अ १, ब ०. पहिल्यातून १ येतो. म्हणून दुसऱ्यातून ०, तिसऱ्यातून १, आणि चौथ्यातून १. उरलेल्या तीन स्थिती कागदावर स्वतः तपासा. उलटवण्याची दोन्ही कामे एकट्या पहिल्या गेटाने केली!

परिपथ जोडताना घरच्या २३० व्होल्टला हात लावू नका. मोबाइलच्या चार्जरचे ५ व्होल्ट पुरतात : चौदाव्या पायाला धन, सातव्याला ऋण. इनपुट मोकळे सोडू नये. मोकळ्या इनपुटला हा आयसी १ समजतो. नागपूरच्या मे महिन्याची काळजी नको, ७०° सेल्सिअसपर्यंत तो चालतो. एलईडी ३३० ओहमच्या रोधासह धन टोक आणि आउटपुट यांच्यामध्ये जोडा, कारण ७४०० च्या आउटपुटातून ० असतानाच पुरेसा प्रवाह वाहू शकतो. मग बटणे सारखी असताना दिवा लागेल. जिन्याला त्याने काय फरक पडतो?

दुसरा आयसी आणलाच, तर पहिल्या गेटाचे आउटपुट त्यातल्या एका नँडने उलटवा. अ आणि ब दोन्ही १ असले की चौथे गेट ० देते आणि हे नवे गेट १. म्हणजे द्विमान पद्धतीतली १ अधिक १ ही बेरीज : खाली शून्य, हातचा एक.