काठी आखूड, गैरसमज लांब

लासलगावसारख्या गावात कराटेचा क्लास म्हटलं की नुसतं कराटे क्वचितच असतं. त्याच हॉलमध्ये किकबॉक्सिंग, थोडा नानचाकू आणि सरांनी कुठे शिबिर केलेलं असेल तर फिलिपिनो काठीही, म्हणजे आर्निस. एस्क्रिमा आणि काली ही त्याचीच दुसरी नावं. ते पाहून पालक हमखास म्हणतात, "ही तर आपली लाठीकाठीच की!"

तसं नाही. आपली लाठी माणसाच्या उंचीच्या आसपास असते. कोल्हापूरच्या मर्दानी खेळात ती फिरते तेव्हा भोवती कुणी फिरकू शकत नाही. अनेकांना लांब रोखणं हे तिचं काम. आर्निसची काठी साधारण 28 इंचांची. ती घेऊन जवळ शिरायचं, मोकळ्या हाताने समोरच्याचं मनगट अडवायचं आणि मग वार करायचा. त्या मोकळ्या हातालाही काठीइतकंच काम असतं. दोन काठ्यांची सिनावाली स्नेहसंमेलनात टाळ्या घेते, म्हणून अनेकांना तेवढंच आर्निस वाटतं. पण हवेत काठ्या फिरवून ते येत नाही, समोर जोडीदार लागतोच. क्लास निवडताना मला विचाराल तर तिथे जोडीने सराव होतो का, एवढंच पाहा.

"हे ब्रूस लीने काढलं" हा समज एका ओळीत निकालात निघतो. ब्रूस ली 1940 सालचा, तर सेबूची डोसे पारेस ही संस्था 1932 सालची. पडद्यावर त्याच्या हातात दोन काठ्या दिसल्या त्यामागे फिलिपिनो वंशाचा त्याचा शिष्य डॅन इनोसांटो होता. फिलिपिन्सने 2009 साली कायदा करून आर्निसला राष्ट्रीय खेळ ठरवलं.

"आधी बेल्ट मिळवा, मग शस्त्र" ही शिस्त कराटेवाल्यांची. आर्निसमध्ये पहिल्याच दिवशी हातात काठी येते. वार कुठल्या दिशेने येतो त्यावरून त्याला क्रमांक असतो. बऱ्याच पद्धतींत असे 12 वार आहेत. काठी खाली ठेवली तरी दिशा त्याच राहतात, म्हणून तोच अभ्यास सुऱ्याला आणि रिकाम्या हातालाही चालतो. कराटे किंवा बॉक्सिंगच्या क्लासात आर्निस सहज मिसळतं ते यामुळे. रंगीत पट्टे तर नंतर, जपानी पद्धतीवरून आले.

काठी कुठलीही चालते, असंही नाही. आर्निसची काठी वेताची असते. वेत आतून भरीव. मार खाऊन त्याचे तंतू सुटतात, पण तो सहसा फुटत नाही. पोकळ बांबू उभा चिरतो आणि त्याची कपची डोळ्यात जाऊ शकते. काठी वेताची असली तरी समोरासमोर सराव करताना डोळ्यांना संरक्षक चष्मा हवाच.

सगळ्यात घातक समज म्हणजे चाकू सहज हिसकावता येतो. शिबिराच्या व्हिडिओत सर दोन सेकंदांत सुरा हिसकावतात. त्यात समोरचा एकच वार करतो आणि हात तिथेच ठेवतो. खरा हल्लेखोर हात लगेच मागे घेतो, पुन्हा भोसकतो, दुसऱ्या हाताने धरून ठेवतो. रबरी सुऱ्याच्या टोकाला रंग लावून मोकळा सराव करून पाहा, शिकलेल्यांच्या सदऱ्यावरही डाग पडतात. म्हणून चांगला शिक्षक आधी पळायला शिकवतो, मग हाताशी येईल ती वस्तू मध्ये धरायला, आणि हिसकावणं अगदी नाइलाज झाला तर. आठवड्याभरात चाकूपासून बचाव शिकवतो म्हणणाऱ्याकडे मुलांना पाठवू नये, असं माझं स्पष्ट मत.

उरला परवान्याचा प्रश्न. वेताच्या काठीला परवाना लागत नाही. पण सण, निवडणुका किंवा तणावाच्या काळात महाराष्ट्र पोलीस अधिनियम 1951 च्या कलम 37 खाली मनाई आदेश निघतात, आणि त्यात तलवारी-भाल्यांबरोबर काठ्या-लाठ्याही येतात. असा आदेश लागू असताना मुलांनी काठ्या घेऊन बाजारपेठेतून जाऊ नये. त्या क्लासमध्येच कपाटात ठेवाव्यात.