मुलीची सायकल : नवी घ्यावी की जुनी?



जून महिना आला की गटाच्या बैठकीत एक मागणी हमखास येते, "पोरीला सायकल घ्यायची आहे, कर्ज पाहिजे." गावातली शाळा सातवीला संपते. पुढची शाळा तीन-चार किलोमीटरवर, आणि एसटीचा भरवसा नाही. सायकल नाही म्हणून पोरी घरी बसलेल्या आपण पाहिल्या आहेत. म्हणून आज सायकलीविषयी बोलू.

हल्ली मुलांना पुढे-मागे शॉकअप असलेली, जाड टायरची सायकल हवी असते. शॉकअप मुळात डोंगरातल्या दगडधोंड्यांच्या वाटेसाठी, चाक जमीन धरून राहावं म्हणून. चांगल्या प्रतीची अशी सायकल लाखाच्या घरात जाते. स्वस्तात मिळते तिचा मागचा शॉकअप बहुधा नुसती स्प्रिंग असते. सायकल जड होते आणि पायडल मारताना खाली-वर हलून पायातला जोर तिथेच जिरतो. राजूर घाटासारख्या चढावर हे लगेच कळतं. शिवाय मागच्या सांध्यात आपली काळी माती बसली की तो झिजतो. शाळेच्या वाटेला साधी सायकल बरी. हौस असेल तर फक्त पुढचा शॉकअप पुरे.

आता नवी की जुनी? आधी शाळेत मानव विकास कार्यक्रमाची चौकशी करा. आपल्या जिल्ह्यातले काही तालुके त्यात आहेत. शाळेपासून ५ किलोमीटरच्या आत राहणाऱ्या, ८ वी ते १२ वीच्या गरजू मुलींना सायकलसाठी मदत मिळते. २०२२ मध्ये ती रक्कम ५,००० रुपये झाली. खरेदीची पावती दाखवावी लागते, म्हणून तिथे नवीच सायकल घ्यावी. सप्टेंबर २०२५ पासून सायकलवरचा जीएसटीही १२ टक्क्यांवरून ५ टक्के झाला आहे. दुकानात पक्कं बिल मागा.

योजनेत नाव नसेल, तर जुनी घ्यायलाही हरकत नाही. पण रंगावर जाऊ नका. आमच्या गटातल्या एका ताईंनी चकचकीत जुनी सायकल घेतली. नव्या रंगाखाली जोडाची भेग झाकलेली होती. महिन्याभरात सांगाडा मोडला, पोरगी पडली, आणि कर्जाचे हप्ते मात्र चालूच राहिले. तेव्हापासून आम्ही इतकं बघतोच :

सांगाड्याच्या प्रत्येक जोडावरून बोट फिरवा. भेग किंवा नवं वेल्डिंग दिसलं, तर ती सायकल सोडून द्या.

पुढचा ब्रेक दाबून सायकल मागे-पुढे ढकला. खटखट वाजलं, तर हँडलचे छर्रे किंवा शॉकअप ढिला आहे.

मागे शॉकअप असेल, तर सीट धरून उचला. चाक उचलण्याआधी सांधा हलला, तर तो झिजला आहे.

चाक उचलून फिरवा. लहरत असेल, तर तारा ताणून घ्याव्या लागतील. रिम वाकली असेल, तर खर्च मोठा.

पायडलच्या खाली सांगाड्यावर कोरलेला नंबर बघा. तो घासलेला असेल, तर चोरीचा संशय धरा. विकणाऱ्याकडून नंबरासह लिहून आणि सही करून घ्या.

शेवटी मुलीला बसवून बघा. दोन्ही पाय टेकवून उभी राहिली की दांड्याला लागता कामा नये.

मग हिशेब मांडा. समजा, जुनी २,५०० ची. टायर, ट्यूब, चेन, ब्रेकच्या वायरी यांचे १,५०० धरले, की झाले ४,०००. नवी ५,५०० ची असेल, तर फरक फक्त दीड हजाराचा. तेवढ्यासाठी जुनी घेण्यात अर्थ नाही. फरक निम्म्याचा असेल आणि सांगाडा धड असेल, तरच जुनी परवडते. गटाच्या कर्जाचं व्याजही यात धरा.

सायकल बघायला जाताना मिस्त्रीला सोबत न्या. आणि मुलीलाही न्या, कारण रोज पायडल तिलाच मारायचं आहे.